बाराही स्केलमधला ब्लूज आणि शीटमधले रिकामे रकाने

आलेलं पत्र, थोडं छाटून:

"नमस्कार दादा, मी पुण्यात असते, आयटीत आहे. लहानपणी पेटी शिकले, प्रवेशिका पूर्णपर्यंत परीक्षा दिल्या, मग दहावी आली आणि सगळं सुटलं. आता ऑल्टो सॅक्सोफोन शिकतेय, सर ऑनलाइन शिकवतात. त्यांनी सांगितलंय की ब्लूज (चार मात्रांच्या बारा बारांचा ठरलेला साचा) बाराही स्केलमधे बसव, त्याशिवाय पुढचं काही देणार नाही. मी ठरवलं की प्रत्येक स्केलसाठी एकेक वेगळी ट्यून शोधायची म्हणजे कंटाळा येणार नाही. एक्सेल शीट केली. पण एफ आणि बी फ्लॅटच्या रकान्यात नुसता ढीग, आणि बी, ई, एफ शार्प, डी समोर काहीच नाही. अशी बारा ट्यून्सची यादी कुणी केलेली असते का? आणि एकच ट्यून ट्रान्सपोज करून बारा वेळा वाजवली तर ती चीटिंग होते का? ॲपमधे तर एका बटणात स्केल बदलतं. शिवाय फ्लॅटमधे राहते, रात्री नऊनंतर वाजवता येत नाही आणि ऑफिसमधून येईपर्यंत साडेआठ होतात. – ऑल्टोवाली"

अगं ऑल्टोवाली,

शीट फेकू नकोस, चांगली आहे, फक्त तिच्यात एक कॉलम कमी आहे आणि तो टाकलास की निम्मा गोंधळ तिथल्या तिथे मिटेल. तू ‘बी’ लिहिलंयस ते कोणाचं बी? पियानोचं की तुझं?

म्हंजे बघ, ऑल्टोवर सी ची बोटं धरून फुंकलंस की पेटीवर त्याला जुळणारा सूर पांढरी एक, म्हणजे सी, नसतो, काळी दोन, म्हणजे ई फ्लॅट, असतो. म्हणूनच ऑल्टोला ई फ्लॅटचं वाद्य म्हणतात. हिशोब अगदी सोपा आहे, पेटीवर जो सा असेल तिथून काळ्यापांढऱ्या सगळ्या पट्ट्या मोजत तीन घरं खाली यायचं, सप्तक कुठलं ते सोडून दे, ते तुझ्या बोटांचं स्केल. पेटी पांढरी एक, तर तू ए मधे. पेटी पांढरी चार म्हणजे एफ, तर तू डी मधे. हे एकदा बारा वेळा कागदावर लिहून काढ आणि त्यात एक फार मजेशीर गोष्ट दिसेल. काळी एक तुला बी फ्लॅट पडते, काळी दोन सी, काळी तीन ई फ्लॅट, काळी चार एफ आणि काळी पाच जी. म्हणजे पाचही काळ्या पट्ट्या, ज्यांना बघून कीबोर्डवाले तोंड वाकडं करतात, त्या तुझ्यासाठी सगळ्यात सोप्या! आणि पांढऱ्या? पांढरी तीन म्हणजे ई, ती तुला सी शार्प. पांढरी सहा म्हणजे ए, ती एफ शार्प. पांढरी सात तुला ए फ्लॅट आणि पांढरी दोन चक्क बी. गिटारवाल्यांची सगळ्यात लाडकी दोन स्केल ई आणि ए, नेमकी तीच तुला सगळ्यात जड.

त्यामुळे आधी हे तपास की शीटमधल्या नोंदी कुठून आल्यात. रिअल बुकच्या, म्हणजे जॅझ ट्यून्सच्या नोटेशनच्या पुस्तकाच्या, सी, बी फ्लॅट आणि ई फ्लॅट अशा वेगवेगळ्या आवृत्त्या मिळतात, ई फ्लॅटवाल्या पुस्तकात नोटेशन आधीच तुझ्या बोटांसाठी बदललेलं असतं, आणि यूट्यूबवरचा गिटारवाला सांगतो ते पियानोचं स्केल. दोन्हीकडून गोळा केलं असशील तर शीटमधे भेसळ आहे. दोन कॉलम कर, एक ‘पेटी’ आणि एक ‘ऑल्टो’. खाली मी जे लिहितोय ते सगळं पेटीचं, म्हणजे कॉन्सर्ट पिचचं, आणि लागेल तिथे तुझं पण सांगतो.

आता ढीग एफ आणि बी फ्लॅटमधेच का, हे. जॅझमधला ब्लूज मुख्यतः फुंकणाऱ्या लोकांनी रचला. ट्रम्पेट आणि टेनर सॅक्सोफोन बी फ्लॅटचे, ऑल्टो ई फ्लॅटचा, यांना सगळ्यांना एकत्र सोयीचं काय तर एफ, बी फ्लॅट, ई फ्लॅट, फार तर सी. चार्ली पार्कर तर तुझंच वाद्य वाजवायचा. बिलीज बाउन्स आणि नाऊज द टाइम ही दोन्ही त्याने 1945 च्या नोव्हेंबरमधे एकाच सेशनमधे रेकॉर्ड केली, दोन्ही एफ मधे, म्हणजे त्याच्या बोटांखाली डी. नंतरचं ओ प्रिवाव्ह एफ मधे, ब्लूज फॉर ॲलिस एफ मधे, ब्लूमडीडो बी फ्लॅटमधे. कूल ब्लूज सी मधे. दुसरीकडे गिटारवर ई आणि ए मधे मोकळ्या तारा मिळतात, अंगठ्याने खालची तार वाजत ठेवून वर बोटांनी काय हवं ते करता येतं, म्हणून शिकागो टेक्सासवाल्यांचा ब्लूज तिकडे. तू बहुतेक एकाच दुकानात हिंडत होतीस गं, जॅझच्या. शेजारच्या गिटारच्या दुकानात गेलीस की रिकामे रकाने भरतात.

यादी हवीय ना, घे. सी मधे ड्यूक एलिंग्टनचं सी जॅम ब्लूज, स्केल नावातच आहे, आणि सबंध ट्यूनमधे सूर फक्त दोन, प आणि वरचा सा. हे मी नंतर परत काढणार आहे. डी फ्लॅटसाठी काउंट बेसीच्या 1937 च्या रेकॉर्डवरचं वन ओक्लॉक जंप ऐक, सुरुवात एफ मधे पियानोवर होते आणि मग सगळा बँड उडी मारून डी फ्लॅटमधे जातो आणि शेवटी जे रिफ (परत परत येणारे छोटे तुकडे) येतात ते तुला तुझ्या बी फ्लॅटमधे आरामात वाजवता येतील. मायनर चालत असेल तर जॉन कोल्ट्रेनचं इक्विनॉक्स, तेच घर, सी शार्प मायनर. डी मधे वेस माँटगोमेरीचं डी नॅचरल ब्लूज, 1960 च्या रेकॉर्डवरचं, आणि हे तुला बी मधे पडेल, पाच शार्प, सावकाश घे. ई फ्लॅटमधे क्लिफर्ड ब्राउनचं सँडू, 1955 चं, हे तुला थेट सी मधे. ट्रम्पेटवाल्याने लिहिलंय पण ऑल्टोवर इतकं सुरेख बसतं की पहिलं तेच बसव असं मी सांगेन. (ब्राउन त्यानंतरच्याच वर्षी मोटार अपघातात गेला, पंचविसाव्या वर्षी. ऐकताना ते डोक्यात राहतंच.)

ई साठी फ्रेडी किंगचं हाइडअवे. 1961 मधे आलेलं, त्यात गाणं नाही, नुसती गिटार, म्हणून सॅक्सवाल्याला उचलायला सोपं पडतं, शिकागोमधल्या एका लाउंजवरून नाव घेतलंय. तुला ते सी शार्पमधे वाजवायचंय, हिंमत धर. एफ मधे काय, तुझ्याकडे ढीग आहे. जी मधे माइल्स डेव्हिसचं ऑल ब्लूज, 1959, पण ते सहाच्या चालीत आहे, चारच्या नाही, हे लक्षात ठेव. ए फ्लॅटसाठी परत पार्करच, ची ची नावाचं, किंवा कोल्ट्रेनचं कझिन मेरी, दोन्ही तुला एफ मधे येतात. ए मधे क्रीम बँडचं क्रॉसरोड्स, 1968 च्या लाइव्ह कार्यक्रमातलं, मूळ अर्थात रॉबर्ट जॉन्सनचं. बी फ्लॅटमधे थेलोनियस मंकचं ब्लू मंक आणि सनी रोलिन्सचं टेनर मॅडनेस, ज्यात रोलिन्स आणि कोल्ट्रेन दोघं टेनरवर समोरासमोर आहेत.

राहिले बी आणि एफ शार्प. बी मधे बी. बी. किंगचं द थ्रिल इज गॉन, 1969 चं, बी मायनर. मायनर आहे हे खरंय, सरांनी मेजर मागितला असेल तर हे चालणार नाही, पण ऐकायला लाव, रडवेल. एफ शार्पसाठी स्टीव्ही रे वॉनचं टेक्सास फ्लड. इथे जरा थांब कारण इथे बरेच जण फसतात. वॉन गिटारच्या सगळ्या तारा अर्धा स्वर उतरवून ठेवायचा. त्यामुळे बोटं जी ची दिसतात, लेसनमधे जी म्हणून शिकवतात, आणि कानाला येतं एफ शार्प किंवा जी फ्लॅट, काय म्हणायचं ते म्हण. जिमी हेंड्रिक्सचं रेड हाउसही तसंच, बोटं बी ची आणि सूर बी फ्लॅटचा. तुझ्या शीटमधे कुणी रेड हाउस बी च्या रकान्यात टाकलं असेल तर काढ. गिटारवाल्याचं बोलणं ऐकू नको, रेकॉर्ड लाव, पेटी काढ आणि सा शोध, पंचवीस सेकंदांचं काम आहे आणि त्यासाठी तू परीक्षा दिल्यास.

टेक्सास फ्लड तुला ई फ्लॅटमधे येणार म्हणजे अजिबात अवघड नाही. बघ, ज्या रकान्याला तू घाबरली होतीस तो सगळ्यात सोप्यांपैकी निघाला.

पण आता खरं सांगतो, ही यादी पूर्ण भरलीस तरी सरांचं काम झालेलं नसेल. बारा स्केलमधे बारा वेगवेगळ्या ट्यून्स वाजवल्यास तर काय होतं, की सँडू तुला ई फ्लॅटमधे येतं आणि हाइडअवे ई मधे येतं, पण ई मधे सँडू वाजव म्हटलं की बोटं लुळी पडतात. म्हणजे तुला बारा ट्यून्स आल्या, ब्लूज बारा स्केलमधे आला नाही. सर जे मागतायत ते वेगळंय. त्यांना असं हवंय की तुझ्या डोक्यात ब्लूज सा च्या हिशोबाने बसावा आणि मग सा कुठेही ठेवला तरी हात आपोआप जावेत. यादी कानासाठी ठेव, प्रत्येक स्केलचा सॅक्सवर रंग वेगळा येतो तो कळतो, आणि कंटाळा येत नाही हे पण खरंच. बोटांसाठी मात्र दोन-तीन छोट्या ट्यून्स घे आणि त्याच बाराही घरांत फिरव.

चीटिंगबद्दल. ट्रान्सपोज करणं चीटिंग कसली, तेच तर शिकायचंय. मंकने स्ट्रेट नो चेसर 1951 मधे बी फ्लॅटमधे रेकॉर्ड केलं आणि माइल्स डेव्हिसने 1958 मधे तेच एफ मधे वाजवलं, आज जगभर जॅममधे, म्हणजे ऐनवेळी एकत्र वाजवायला बसतात तिथे, लोक सर्रास एफ मधेच घेतात. मोठ्यांनी केलं ते तुला का नको? चीटिंग कुठे होते माहितीये, कीबोर्डवरचं ट्रान्सपोज बटण दाबून तीच सी ची बोटं चालवतात तिथे. किंवा आपली स्केल चेंजर पेटी, खिट्टी सरकवली आणि पांढरी एकचीच बोटं घेऊन काळी तीनला साथ. भजनाच्या साथीला ठीक आहे, माझा काही आक्षेप नाही, पण शिकताना नको. सॅक्सवर तसलं बटणच नाही हे तुझं भाग्य समज. ॲपमधे साथ बदलते गं, बोटं तर तुझीच राहतात ना, मग ॲप वापर बिनधास्त. आयरिअल प्रोमधे तर प्रत्येक आवर्तनानंतर स्केल आपोआप पुढे सरकेल असं लावता येतं. आणि बटणाशिवाय खऱ्या माणसांची साथ हवी असेल तर जेमी एबरसोल्डच्या प्लेअलाँग मालिकेतला 42 वा भाग याच कामासाठी आहे, ब्लूज इन ऑल कीज नावाचा. नोटेशन सी, बी फ्लॅट आणि ई फ्लॅट तिन्हींसाठी असतं. त्यातलं तुझं पान बघ म्हणजे झालं.

आता तुझ्याकडे एक अशी गोष्ट आहे जी तिकडच्या पोरांकडे नाही आणि तू पत्रात ती अशी सांगितलीस की जणू वाया गेली. सरगम! तिकडे बाराही स्केलसाठी चालता-फिरता सा लोकांना वेगळा शिकावा लागतो, ते आकडे लावतात, एक, तीन, फ्लॅट सात वगैरे. तुला तो लहानपणीच मिळालाय. म्हणून ट्यून कधीही एबीसीडीमधे पाठ करू नकोस, सरगममधे कर.

ब्लू मंक घे. पहिल्या बारमधे शुद्ध ग, शुद्ध म, तीव्र म, प, असे चार सूर एकेक अर्धा स्वर चढत जातात. दुसऱ्या बारमधे तशीच चढण वरच्या घरातून, ध, कोमल नि, शुद्ध नि, सा. बी फ्लॅटमधे लिहिलेलं नोटेशन बघितलंस तर शार्प, फ्लॅट, नॅचरल सगळ्याची खिचडी दिसते आणि वाटतं बापरे, आणि तोंडाने म्हटलंस तर एका मिनिटात पाठ होतं. मग सा काळी तीनवर ठेव नाहीतर पांढरी सातवर, ग म म॑ प तेच राहतं. बोटं अडखळतील, अडखळू देत, डोकं अडखळणार नाही.

क्रम असा ठेव. आधी सी जॅम ब्लूज कारण दोनच सूर, प आणि सा, त्यात चुकायला जागाच नाही, सगळं लक्ष तालावर आणि बारा बार मोजण्यावर देता येतं. मग रोलिन्सचं सनीमून फॉर टू, मूळ बी फ्लॅट, चार बारची एकच उतरती ओळ तीनदा येते आणि सूर सा, कोमल ग, म, प, कोमल नि एवढेच, म्हणजे थेट धानीचे सूर. मग ब्लू मंक. ही तीन बाराही घरांत फिरली की मग बिलीज बाउन्सला हात लाव, त्याआधी नको, ते एफ मधेसुद्धा बोटं वळवतं. (कुणीतरी तुला सांगेल की जोगमधे दोन्ही गंधार आणि कोमल निषाद आहे म्हणजे तो ब्लूजच झाला. ऐकायला छान वाटतं, सूर बरेच जुळतात, पण म्हणून बारा बारवर जोगचा आलाप सुरू करू नकोस, साथीचे कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) खालून बदलत जातात आणि तू तिथेच राहतेस.)

बारा बार मोजायला लोक का घाबरतात मला कळत नाही. चार मात्रांचा एक बार, चार बार म्हणजे सोळा मात्रा, तीनतालचं एक आवर्तन. असे तीन झाले की ब्लूजचं एक पूर्ण आवर्तन, अठ्ठेचाळीस मात्रा. गाण्यातही तीनच ओळी असतात, पहिली ओळ, तीच परत, आणि तिसरी वेगळी. म्हणजे प्रत्येक ओळीला एक तीनताल. पहिल्या तीनतालात घर सा चं, दुसऱ्याची सुरुवात म च्या कॉर्डवर आणि मधेच परत सा वर, तिसरा प च्या कॉर्डवरून निघून सा ला येतो. झालं. चाल अर्थातच झुलती आहे, तबल्याच्या ठेक्यासारखी सरळ नाही, मेट्रोनोमचा टिक दोन आणि चारवर ठेव म्हणजे झुलेल.

आणि एक जागा अशी आहे की ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, पाचवा बार. पहिल्या कॉर्डमधे रंग देणारे दोन सूर आहेत, शुद्ध ग आणि कोमल नि. पाचव्या बारमधे कॉर्ड म वर जातो तेव्हा त्याचे रंगाचे सूर कोणते, तर ध आणि कोमल ग. म्हणजे शुद्ध ग अर्धा स्वर उतरून कोमल होतो आणि कोमल नि अर्धा स्वर उतरून ध होतो. एवढंच. दोन सूर, दोघंही एकेक पट्टी खाली. पण ब्लूजमधे उसासा टाकल्यासारखं जे वळण येतं ना, ते बरंचसं या एका सरकण्यात आहे. तू काय कर, कुठल्याही स्केलमधे ट्यून वाजवायच्या आधी नुसती ही हालचाल वाजव, चार बार शुद्ध ग लांब धरून, पाचव्यावर कोमल ग. मग तसंच नि आणि ध चं. प च्या कॉर्डवर शुद्ध नि आणि म. बाराही घरांत फक्त एवढं जरी केलंस तरी सर खूश होतील, सोलो आपोआप कॉर्डवर बसायला लागेल.

स्केलचा क्रम सी, सी शार्प, डी असा चढत्या पायरीने लावू नकोस, बोटांना फक्त अर्धा स्वर सरकायची सवय लागते आणि आपण शिकलो असं उगाच वाटतं. चौथ्याच्या चक्राने जा. आपल्या भाषेत षड्ज-मध्यम भाव, म्हणजे आत्ताचा म तो पुढचा सा. सी, एफ, बी फ्लॅट, ई फ्लॅट, ए फ्लॅट, डी फ्लॅट, जी फ्लॅट, बी, ई, ए, डी, जी. ब्लूज स्वतःच पाचव्या बारला म वर जातो, म्हणजे प्रत्येक स्केलमधे पुढच्या स्केलची ओळख आधीच झालेली असते. रोज दोन घरं, सोमवार ते शनिवार, आठवड्यात बारा संपली, रविवारी नुसतं ऐक. रोज बाराही करायला बघशील तर शेवटच्या चार स्केलला थकलेली बोटं आणि वैतागलेलं डोकं येणार, आणि ती चार स्केल कायमची कच्ची राहणार, बहुतेक सगळ्यांची ई, ए आणि डी अशीच कच्ची राहिलेली असतात. एखाद्या आठवड्यात उलट बाजूने सुरू कर.

पार्करबद्दल तुला सर कधीतरी सांगतीलच, की पोरवयात तो एका जॅममधे गेला आणि लोक हसले, मग तो अभ्यासाला बसला. 1954 मधे पॉल डेझमंडने घेतलेल्या मुलाखतीत तो स्वतः म्हणाला होता की तीन-चार वर्षं दिवसाला अकरा ते पंधरा तास वाजवायचो. शेजारी इतके वैतागले होते की आईला घर सोडायला सांगू अशी धमकी द्यायला लागले होते असंही त्यात आहे. तर नऊनंतर वाजवता येत नाही ही तक्रार जुनी आहे गं. मी तुला पंधरा तास सांगत नाहीये, पाऊण तास पुरे.

हे सगळं आपल्याकडे काय कामाचं असं वाटत असेल तर कुठल्याही ऑर्केस्ट्रात एक संध्याकाळ जाऊन बस. गायक येतो आणि म्हणतो आज घसा बसलाय, काळी दोन नको, काळी एक घ्या, आणि ब्रासवाल्यांनी तिथल्या तिथे सगळं अख्खं गाणं खाली आणायचं. आपल्याकडे पुरुषांची पट्टी बरेचदा काळी एक, बायकांची काळी चार-पाच. म्हणजे डी फ्लॅट, ए फ्लॅट, बी फ्लॅट. अमेरिकेतल्या ट्यून्सच्या यादीत डी फ्लॅटचा रकाना जवळजवळ रिकामा आणि आपल्या मंडपात तेच रोजचं स्केल! गोव्याचे जे वादक मुंबईत आले, ताजमधे जॅझ वाजवायचे आणि दिवसा स्टुडिओत सिनेमाचं, ते चर्चच्या शाळांमधे सोल्फेजिओ, म्हणजे तिकडची सरगम, शिकून आले होते, स्टाफ नोटेशन त्यांना पाणी. चिक चॉकलेट रात्री ट्रम्पेटवर लुई आर्मस्ट्राँगसारखं वाजवायचा आणि सी. रामचंद्रांच्या स्टुडिओतही असायचा, आणि रामचंद्र आपल्या पुणतांब्याचे. ताजमधे 1935 साली लिऑन ॲबी हा अमेरिकन वादक कृष्णवर्णीयांचा बँड घेऊन आला तेव्हापासून हे सगळं मुंबईत आहे, त्यामुळे ब्लूज शिकतेय म्हटल्यावर घरी कुणी म्हटलं की हे कसलं परदेशी खूळ, तर रामचंद्रांच्या अलबेलाची गाणी लाव आणि मागचा ब्रास ऐकायला सांग.

राहिला रात्रीचा प्रश्न. बेलमधे, म्हणजे सॅक्सच्या रुंद तोंडात, मोजे, टॉवेल वगैरे कोंबू नकोस, सॅक्सचा आवाज नुसता तोंडातून येत नाही, बाजूच्या उघड्या भोकांमधूनही येतो, त्यामुळे शेजारी गप्प होत नाहीत आणि तुझे खालचे सूर मात्र बिघडतात. कपड्यांच्या कपाटाकडे तोंड करून, त्याचं दार उघडं ठेवून वाजवलंस तर थोडा फरक पडतो, थोडाच. साडेआठ ते नऊ ही अर्ध्या तासाची जागा फक्त फुंकण्यासाठी ठेव, त्यात पाठांतर करू नकोस. पाठांतर नऊनंतर. सॅक्स गळ्यात, माउथपीस काढून ठेवलेला, ॲपवर साथ हळू आवाजात हेडफोनमधे, तोंडाने सरगम म्हणायची आणि बोटं चालवायची. पॅडचा टपटप आवाज येतो तेवढाच. सी शार्प आणि एफ शार्प ही तुझी दोन वाईट स्केल अशीच बसव, कारण त्यात फुंकताना आवाज नीट येतोय का याची काळजी नसते आणि सगळं लक्ष डाव्या हाताच्या करंगळीकडे देता येतं, जी शार्पची चावी तिथेच आहे आणि अडकते ती तिथेच. आठवड्याभराने फुंकून बघ. नाही जमलं तर त्या स्केलमधे सी जॅम ब्लूजवर परत ये, दोन सूर, आणि ब्लू मंक पुढच्या आठवड्यात घे.